मुका प्रिंटर आणि सोनाकाकीचे धवले

क्रांतीनं लॅपटॉपवर छपाईचं बटण दाबलं तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते, आणि वाडीतल्या तेजस्वीची हळद दुपारी चारला होती. साडेपाच तास म्हणजे रग्गड वेळ, असं ती नुकतंच पूर्वीला म्हणाली होती. पूर्वी खाली मांडी घालून बसली होती. तिच्या पुढ्यात भोकं पाडायचा पंच आणि पिवळ्या लोकरीचा गुंडा. प्रिंटरमधून कागद निघाले की पंधरा पानांचा गठ्ठा करायचा, भोकं पाडायची, लोकर ओवून गाठ मारायची. अशा वीस वह्या करायच्या होत्या.

दोघींच्या तोंडावरचं हसू सकाळपासून काही केल्या मावळत नव्हतं. कारण या वह्यांचा ज्या एका बाईला पत्ता लागू द्यायचा नव्हता, ती भिंतीच्या पलीकडे वाल सोलत बसली होती.

ती बाई म्हणजे सोनाबाई. पूर्वीची सासू आणि क्रांतीची चुलत सासू. चौलच्या सुपारीच्या बागा संपून भातखाचरं सुरू होतात तिथल्या त्यांच्या आगरी वाडीत सोनाबाई धवलारीण होती. लग्नातले विधी जिच्या गाण्यावर चालतात ती धवलारीण, आणि ती गाते ते धवले. मांडवात देवांना बोलावण्यापासून हळद उतरवण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला तिचा धवला लागतो. सोनाबाईनं पंचेचाळीस वर्षं आजूबाजूच्या सात-आठ गावांतली लग्नं लावली होती. पण आता तिला अडुसष्टावं लागलं होतं, आणि मागच्या वर्षीपासून लांबलचक ओळीच्या शेवटी तिचा दम तुटायला लागला होता. मागून साथ करायला एखाददुसरी म्हातारी असे. तरण्या बायकांना चाल येत होती, शब्द येत नव्हते.

क्रांतीनं दोन वर्षं लग्नालग्नांत फिरून काकीचे धवले मोबाइलवर रेकॉर्ड केले होते. काकी घरी बसून काही सांगायची नाही. मांडव नसला की आपल्याला शब्दच आठवत नाहीत, असं ती म्हणायची, आणि ते खरंही होतं. क्रांतीनं तिला दोनदा ओटीवर बसवून पाहिलं होतं. दोन ओळी झाल्या की काकी थांबायची आणि चुलीवर काय ठेवलंय ते आठवायला लागायची. तेव्हा बेंजोच्या आणि बायकांच्या गलक्यातून जे ऐकू आलं ते क्रांतीनं पुन्हापुन्हा ऐकून उतरवलं. चौदा धवले झाले. वर एक मुखपृष्ठ, त्यावर गाताना काढलेला काकीचा फोटो. आज हळदीला काकीनं तोंड उघडलं की वाडीतल्या वीस बायकांनी पदराखालून वह्या काढायच्या आणि तिच्या मागून गायचं, असा बेत होता. मांडवात चष्मे कोण घेऊन येतं, म्हणून अक्षरं चांगली मोठी ठेवली होती.

आणि आता प्रिंटर ढिम्म होता.

त्याचा हिरवा दिवा लागलेला होता. लॅपटॉपवर मात्र ‘ऑफलाइन’ असं आलं. क्रांतीनं बटण पुन्हा दाबलं. मग प्रिंटर बंद करून दहा आकडे मोजले आणि चालू केला. तो गुरगुरला, डोकं हलवावं तसा त्याचा आतला भाग इकडून तिकडे गेला, आणि गप्प बसला. तिनं कागद काढून, झटकून पुन्हा लावले. शाईच्या टाक्या वाकून पाहिल्या, चारही अर्ध्याच्या वर होत्या. सोमवारी याच प्रिंटरवर तिनं कुणाचा तरी सातबारा छापून दिला होता. ती घरीच असली छोटी छपाईची, अर्ज भरायची कामं करायची, त्यामुळे यंत्राला ती घाबरणारी नव्हती. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा ‘ऑफलाइन’.

मग तिला प्रिंटरबरोबर आलेली केबल आठवली. केबल लावली की वायफायची भानगडच नको. कपाटावरचा खोका खाली काढला, थर्मोकोल बाजूला केला, आणि केबल हातात आली ती मधोमध तारा बाहेर आलेली. उंदरानं पावसाळ्यात कधीतरी आपलं काम उरकलं होतं.

आता पूर्वी उठून उभी राहिली. तिच्या घरात अगदी असाच प्रिंटर होता. तिचा नवरा हर्षद रोह्याच्या एका कारखान्यात होता, आणि क्रांतीचा प्रिंटर पाहूनच त्यानं दिवाळीत तसलाच घेतला होता. आपल्याकडे जाऊन छापूया का, असं ती म्हणाली आणि लगेच तिनं जीभ चावली. तो प्रिंटर बाहेरच्या खोलीत होता, आणि बाहेरच्या खोलीतच सोनाबाई बसली होती.

तिला तिथून हलवून बघावं म्हणून पूर्वी जाऊन आली. तेजस्वीकडे हळद कुटायला बायका जमल्यात, तुम्ही जरा बघायला चला, असं तिनं सासूला सांगून पाहिलं. सोनाबाईनं मानसुद्धा वर केली नाही. चार वाजेपर्यंत आपण घरातून हलणार नाही आणि कुणाशी बोलणारही नाही, गळा राखून ठेवायचाय, असं ती म्हणाली आणि तिनं वालाचं दुसरं सूप ओढलं.

झेरॉक्सचं दुकान चौल नाक्यावर एकच होतं, आणि ते रामचंद्रचं. रामचंद्र तेजस्वीचा सख्खा मामा. त्यानं कालच शटर खाली ओढलं होतं आणि आता तो मांडवात खुर्च्या मोजत होता. दुकान उघडायला सांगावं तर सगळ्या मांडवाला कळणार, आणि मांडवाला कळलं की काकीला कळायला पाच मिनिटं पुरे. मोटारसायकल घेऊन अलिबागला जायचं तर क्रांतीचा नवरा रघू ती घेऊन झेंडूची फुलं आणायला गेला होता.

क्रांतीला आता चेव आला होता. आता माघार नाही, असं तिनं पूर्वीला सांगितलं, आणि कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन लावला. घरात आवाज तुटत होता म्हणून ती परसात, कांद्याच्या माळा वाळत घातल्या होत्या तिथे जाऊन उभी राहिली. एक दाबा, दोन दाबा करत, एकाच गाण्याचे तेच चार सूर ऐकत शेवटी एक मुलगी बोलायला आली. ती मोठ्या प्रेमानं हिंदीत बोलत होती. दिवा लागलाय का, कागद आहे का, बंद करून चालू केलात का, हे सगळं विचारून झाल्यावर तिनं सांगितलं की लॅपटॉपमधून प्रिंटरचं नावच काढून टाका आणि नव्यानं शोधायला लावा. क्रांती फोन कानाशी धरून आत आली, आणि दारातच फोन कटला. पण सांगायचं ते सांगून झालं होतं.

तिनं नाव काढून टाकलं. ‘शोधा’ म्हटलं. पडद्यावर निळं वर्तुळ गरगर फिरलं, आणि त्याच्या खाली प्रिंटरचं नाव उमटलं. पुढे ‘तयार’ असंही.

पूर्वीनं टाळी वाजवली. क्रांतीनं आधी फक्त मुखपृष्ठ पाठवलं. पडद्यावर ‘छापत आहे’ आलं, मग ते नाहीसं झालं. काम पुरं. दोघी प्रिंटरच्या तोंडाकडे बघत राहिल्या. तोंडातून काही आलं नाही.

रांगेत काहीच अडकलेलं नव्हतं. क्रांतीच्या सरावाप्रमाणे कागद अडकला तर काम रांगेत पडून राहतं, शाई संपली तर तसा निरोप येतो. इथे लॅपटॉप म्हणत होता, छापून झालं. हे तिनं कधीच पाहिलं नव्हतं. तिनं सगळी पंधरा पानं पाठवली. पडद्यावर एक, दोन, तीन असे आकडे पळायला लागले. पंधरापर्यंत गेले आणि पुसले गेले. प्रिंटर हिरवा दिवा लावून बसलाच होता.

“पानं जातात कुठं?” क्रांती स्वतःशीच म्हणाली.

तिनं मागचं झाकण उघडून आत बॅटरीचा उजेड मारला. एक चुरगळलेला कपटा तेवढा सापडला. पुन्हा सगळी पानं पाठवली. या खेपेला तिनं प्रिंटरवर कान टेकवला, डॉक्टर छातीला टेकवतात तसा. आत शांतता होती. आणि तशी शांतता असल्यामुळेच तिला दुसरा एक आवाज ऐकू आला. खर्र, टक. खर्र, टक. बारीक, एका लयीत, भिंतीतून येणारा.

पूर्वी म्हणाली, आई मिक्सर लावत असतील. पण मिक्सरला टक नसतो. क्रांतीनं पडद्याकडे पाहिलं. सात. खर्र, टक. आठ. खर्र, टक. नऊ. तिनं हात पुढे करून ‘रद्द करा’ दाबलं. भिंतीतला आवाज आणखी एक पान काढून थांबला.

“पूर्वी, तुमचा प्रिंटर चालू आहे?”

पूर्वीला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि तिनं तोंडावर हात ठेवला. हर्षदनं बुधवारी रजेचा अर्ज छापला होता, तेव्हापासून तो चालूच होता. आणि मंगळवारी वायफायवाला येऊन जुना, जळलेला डबा काढून नवा बसवून गेला होता. दोन्ही घरांना मिळून एकच डबा, तो हर्षदच्या घरात. नवा डबा, नवा पासवर्ड. सगळ्यांनी आपापल्या फोनमध्ये घातला, क्रांतीनं लॅपटॉपमध्ये घातला, हर्षदनं आपल्या प्रिंटरला दिला. क्रांतीच्या प्रिंटरला तो द्यायचा राहिला. तो बिचारा अजून जुन्या डब्याची वाट बघत होता, आणि लॅपटॉपला शोधायला लावल्यावर त्याला त्याच नावाचा, भिंतीपलीकडचा भाऊ सापडला होता.

म्हणजे मुखपृष्ठ, वर काकीचा फोटो. मग पंधरा पानं. मग आणखी दहा.

“आई समोरच बसल्यात,” पूर्वी म्हणाली.

दोघी उठल्या त्या धावतच. पूर्वीच्या पायात लोकर अडकली आणि गुंडा तिच्या मागोमाग ओटीवरून अंगणात घरंगळत आला. अंगणात वाळत घातलेल्या सुक्या बोंबलांच्या कडेनं वळून त्या पलीकडच्या ओटीवर चढल्या आणि दारात थबकल्या.

वालाचं सूप बाजूला सरकवलेलं होतं. सोनाबाई जमिनीवर बसली होती आणि तिच्या भोवती, रांगोळी मांडावी तसे, कागद पसरले होते. नाकावर चष्मा होता. कॅलेंडरच्या खिळ्याला दोऱ्यानं बांधलेलं बॉलपेन तिनं दोऱ्यासकट ओढून घेतलं होतं. ती चौथी शिकलेली. एकेका शब्दाखाली बोट ठेवून ओठ हलवत वाचायची. तिनं मान वर केली. क्रांतीला वाटलं, आता ती रडेल, किंवा जवळ बोलावून पाठीवरून हात फिरवेल. मुखपृष्ठावरचा फोटो तिनं भिंतीला टेकवून उभा ठेवला होता.

सोनाबाईच्या कपाळावर आठ्या होत्या.

“ह्यो कोनी लिवलाय?” तिनं विचारलं.

मी, असं क्रांतीनं सांगितलं. दोन वर्षं कसं रेकॉर्ड केलं, आजचा बेत काय होता, प्रिंटर कसा फिरला, सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं. सोनाबाईनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. तिचं बोट नवव्या पानावर होतं.

“‘सोन्याचं दार गो लागलं खाडीला.’ दार खाडीला कशाला लागंल गो? दार घराला लागतंय.”

क्रांतीलाही ती ओळ लिहिताना खटकली होती. पण मोबाइलवर ते तसंच ऐकू येत होतं. तिनं दहा वेळा ऐकलं होतं.

“तारू हाय तं,” सोनाबाई म्हणाली. “तारू. मोठी होडी. सोन्याचं तारू गो लागलं खाडीला.” तिनं बॉलपेननं ‘दार’ वर जाडजूड काट मारली, आणि पुढे काही बोलायच्या आधीच तिच्या तोंडून दुसरी ओळ आली. गाऊन नाही, पुटपुटून:

“रुप्याची डोलकाठी तारवाला.”

ही ओळ क्रांतीच्या कागदावर नव्हती. कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये नव्हती. तिनं पूर्वीचा दंड घट्ट धरला.

हा धवला पुढे आहे का, असं तिनं शक्य तेवढं हळू विचारलं, जणू मोठ्यानं विचारलं तर तो उडून जाईल. सोनाबाई म्हणाली, आहे तर. चांगला लांब आहे. तेव्हा खाडीवर पूल नव्हता. रेवदंड्याहून साळावला वऱ्हाड होडीतून जायचं, नवरी होडीत बसली की धवला सुरू व्हायचा आणि पलीकडच्या काठाला होडी टेकली की संपायचा. पाण्याला ओढ जास्त असली तर ओळी वाढवायच्या, कमी असली तर गाळायच्या. पूल झाला, वऱ्हाडं गाडीतून जायला लागली. पाच मिनिटांत पूल पार. मग तो धवला कोण म्हणणार? त्याची पहिली ओळ तेवढी दुसऱ्या धवल्याच्या शेपटाला चिकटून राहिली, आणि आपण ती म्हणत राहिलो.

“मांडवाशिवाय तुम्हाला आठवत नाही ना, काकी?”

“चुकीचं समोर आलं त आठवतंय,” सोनाबाई म्हणाली. “चुकीचं कसं खपवून घेनार?” आणि तिनं दुसरं पान ओढलं. गळा राखून ठेवायचा होता हे ती साफ विसरली होती.

घड्याळात पावणेबारा झाले होते. क्रांतीनं पूर्वीला लॅपटॉप आणायला पिटाळलं आणि स्वतः काकीच्या समोर बसली. पूर्वी लॅपटॉप छातीशी धरून आली. पुढचे दोन तास त्या घरात कुणी जेवलं नाही. सोनाबाई एकेक पान घ्यायची, बोट ठेवून वाचायची, आणि बोट थांबलं की क्रांतीची बोटं टाइप करायला सज्ज व्हायची. ‘कोंबडा’ नव्हता, ‘कोंब’ होता. ‘मामी आली भांडून’ नव्हतं, ‘मामी आली मांडून’ होतं, म्हणजे रांगोळीचा चौक मांडून. यावर पूर्वी इतकी हसली की तिला उठून पाणी प्यावं लागलं. एक अख्खा धवला क्रांतीनं दोन वेळा, वेगवेगळ्या नावानं लिहिला होता. सोनाबाईनं त्यातला एक कागद काढून वालाच्या सालींवर टाकला.

त्या रिकाम्या झालेल्या जागी चौदावा धवला आला तो होडीचा. सोनाबाईनं डोळे मिटले, मांडीवर हातानं ताल धरला, आणि म्हणायला लागली:

“सोन्याचं तारू गो लागलं खाडीला,
रुप्याची डोलकाठी तारवाला.
सुकानू धरलंय मामानं,
शीड भरलंय वाऱ्यानं.
मागं ऱ्हायला गो माहेरचा काठ,
आई दिव्यानं दाखवते वाट.”

इथे तिचा दम तुटला. क्रांती थांबली नाही, शेवटचा शब्द टाइप करूनच तिनं वर पाहिलं. सोनाबाई डोळे उघडून भिंतीकडे बघत होती. पुढं एक ओळ आहे, म्हणाली, पलीकडच्या काठाची, होडी टेकते तेव्हाची. ती काही येत नाही. तिनं दोनतीनदा ताल धरून पाहिला. ओळ आली नाही. क्रांती म्हणाली, राहू दे काकी, एवढी सापडली तेच खूप झालं. पण सोनाबाईच्या ओठांची चाळवाचाळव बराच वेळ चालू होती.

दोन वाजून गेले. आता छपाई. हर्षदच्या प्रिंटरनं चूक म्हणून का होईना, पण इमानानं काम केलं होतं, तेव्हा त्याला लगेच जुंपला. पण एका प्रिंटरवर तीनशे पानं, मध्ये कागद भरा, शाई बघा, म्हणजे चार वाजलेच. क्रांतीनं नव्या डब्याखालची चिठ्ठी वाचायला पूर्वीला उलटं वाकवलं, पासवर्ड हातावर लिहून घेतला, आणि आपल्या घरी धावली. प्रिंटरचं वायफायचं बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकायला लागला. तिनं फोनवरून त्याला नव्या डब्याचं नाव आणि पासवर्ड दिला. दिवा लुकलुकत राहिला. लुकलुकतच राहिला. मग तो स्थिर झाला.

दोन्ही प्रिंटरांची नावं सारखी राहिली तर पुन्हा गोंधळ, म्हणून तिनं एकाचं नाव ‘पूर्वी’ आणि दुसऱ्याचं ‘क्रांती’ ठेवलं, दोघींत अर्ध्याअर्ध्या वह्या वाटून दिल्या आणि बटण दाबलं.

सकाळपासून मुका बसलेला तिचा प्रिंटर खाकरला. एक कागद आत ओढला गेला आणि वरून काकीच्या केसांतली अबोलीची वेणी बाहेर यायला लागली, मग कपाळ, मग उघडं तोंड. त्याच वेळी भिंतीतून दुसऱ्याचाही आवाज येत होता. खर्र, टक, इकडे. खर्र, टक, तिकडे. क्रांती खोलीच्या मधोमध उभी राहून एकटीच हसत होती, आणि रघू झेंडूची पोती घेऊन दारात आला तेव्हा त्याला वाटलं, हिला काही तरी झालं.

त्यालाही कामाला लावलं. तो कागद मोजायचा, पूर्वी भोकं पाडायची, आणि सोनाबाई, जिच्यापासून हे सगळं लपवायचं होतं, ती पिवळी लोकर ओवून गाठी मारायची. तिची गाठ पक्की बसायची. मध्येच काळी शाई तळाला गेली. क्रांतीनं बाटली उघडून ती भरली, घाईत अर्धी बोटं काळी झाली. बाराव्या वहीला कागद संपले तेव्हा हर्षदच्या कपाटातल्या कारखान्याच्या जुन्या फॉर्मांच्या पाठी कामाला आल्या. शेवटची वही साडेतीनला बांधून झाली. मग कुठे सोनाबाईला नेसायचं सुचलं. हिरवं लुगडं, नाकात नथ, केसांत ताजी वेणी. तोवर क्रांती मांडवात जाऊन बायकांना वह्या वाटून आली. बेत फुटला म्हणून पूर्वी हळहळत होती. सोनाबाईनं तिला सांगितलं की मांडवातल्या बायकांना फुटलेला माहीत नाही ना, मग आपण माहीत नसल्यासारखं करू.

आणि तिनं तसंच केलं. मांडवात चौक भरलेला होता, तेजस्वी पाटावर बसलेली होती. सोनाबाईनं देवांच्या आवतणाचा पहिला धवला उचलला आणि मागून वीस वह्यांची सळसळ झाली. तिनं मान वळवून, डोळे मोठे करून बायकांकडे पाहिलं. तिचं ते सोंग इतकं झकास वठलं की क्रांतीला खाली बघावं लागलं. मग वीस आवाज तिच्या मागून उठले. पहिल्या ओळीला ते मागेपुढे झाले, दुसरीला सापडले. जिथे काकीचा दम तुटायचा तिथे आता ओळ तुटत नव्हती. रामचंद्र मामा हातातली खुर्ची तशीच धरून उभा राहिला. बेंजोवाल्या पोरांनीसुद्धा विड्या विझवल्या.

हळद लागली, उतरली. शेवटी सोनाबाईनं सांगितलं, चौदावा काढा. तेजस्वी साळावलाच जाणार होती, पुलावरून. बायकांनी पानं उलटली. तारवाचा धवला कुणीच कधी म्हटलेला नव्हता, म्हणून सोनाबाई एकटीनं चाल दाखवत पुढे गेली आणि बाकीच्या चाचपडत मागून आल्या. सुकानू धरलंय मामानं. रामचंद्रनं इथे नाक पुसलं. आई दिव्यानं दाखवते वाट. कागद इथे संपत होता. सगळ्या थांबल्या.

मांडवाच्या खांबाला टेकून ठमीआजी बसली होती. ऐंशीच्या पुढची, हातात वही नसलेली, कारण तिला वाचता येत नव्हतं. ती स्वतः साठ वर्षांपूर्वी साळावहून होडीत बसून या वाडीत आली होती. कुणी सांगितल्याशिवाय, खांबाकडेच बघत, चिरक्या आवाजात तिनं पुढची ओळ लावली:

“तारू टेकलं गो पैल्याड काठाला, सासूनं हात दिला नवरीला.”

सोनाबाई चटकन वळली. तीच, असं ती म्हणाली, तीच ओळ, आणि ठमीआजीला पुन्हा म्हणायला लावलं. ठमीआजीनं पुन्हा म्हटली, आणि त्याच्या पुढची आणखी एक. मग आणखी एक. सोनाबाई तिच्या शेजारी जाऊन खाली बसली आणि ताल धरू लागली. क्रांती काळ्या बोटांनी वहीच्या पाठीवर लिहीत होती, पेन कुणाचं होतं ते तिला नंतरही कळलं नाही. पूर्वी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती आणि एकच विचारत होती, “झालं का लिहून? झालं का? आजी थांबत नाहीत.”